टूरिंग बाईकची ऑडिओ सिस्टिम बदलताना: आधी वायर, मग स्पीकर

टूरिंग बाईकवरच्या स्पीकरचा आवाज उभ्या गाडीवर ऐकून कधीही ठरवू नका. स्टँडवर गाडी उभी असताना कंपनीचे साधे स्पीकरही छान वाजतात. ताशी ८०-१०० किलोमीटरचा वेग घेतला की आधी बेस जातो, मग शब्द जातात, आणि शेवटी उरतो तो फक्त चिरका झणझणाट. मग आपण व्हॉल्यूम वाढवतो आणि आवाज फाटतो. इथूनच 'मोठे स्पीकर, मोठा ॲम्प्लिफायर' अशी खरेदी सुरू होते. नवं सामान जुन्याच वायरवर जोडलं जातं आणि महिन्याभरात फ्यूज उडणं, इंजिनाबरोबर वाढणारी शिट्टी, सकाळी झोपलेली बॅटरी अशा तक्रारी येतात.

हे काम घरच्या घरी करता येतं. गाडी उघडायची थोडी सवय, एक मल्टिमीटर, क्रिम्पिंगची (वायरच्या टोकाला थिंबल दाबून बसवणारी) चांगली पक्कड आणि दोन मोकळे दिवस एवढं पुरतं. मात्र क्रम महत्त्वाचा आहे. आधी वीज, मग वायर, मग सिग्नल आणि सगळ्यात शेवटी स्पीकर. खरेदीही शक्यतो याच क्रमाने विचार करून करावी.

गाडीकडे किती वीज शिल्लक आहे

रात्रभर उभ्या असलेल्या गाडीच्या बॅटरीवर मल्टिमीटर लावा. लेड-ॲसिड किंवा एजीएम बॅटरी निरोगी आणि पूर्ण चार्ज असेल तर १२.६ ते १२.८ व्होल्ट दिसले पाहिजेत. १२.४ च्या खाली असेल तर ऑडिओचा विचार बाजूला ठेवून आधी बॅटरी आणि चार्जिंग बघा. मग इंजिन सुरू करून प्रवासात असतात तेवढे आरपीएम ठेवा. १३.८ ते १४.५ व्होल्ट दिसले की चार्जिंग ठीक आहे. आता हेडलाइट, फॉग लाइट, गरम ग्रिप असं प्रवासात जे जे चालू असतं ते सगळं चालू करा आणि परत बघा. आकडा १३ च्या खाली घसरत असेल तर गाडीकडे नव्या ॲम्प्लिफायरसाठी वीज उरलेलीच नाही. अशा वेळी आधी फॉग लाइट एलईडी करून घ्या. तेवढ्याने बरीच जागा मोकळी होते.

आता ॲम्प्लिफायर किती ओढेल त्याचा हिशेब. खोक्यावर मोठ्या अक्षरात छापलेला 'मॅक्स' किंवा 'पीक' आकडा सोडून द्या, आरएमएस, म्हणजे सतत देता येणारी ताकद, शोधा. समजा दोन चॅनलना प्रत्येकी १०० वॅट आरएमएस, म्हणजे एकूण २०० वॅट. क्लास-डी प्रकाराचा ॲम्प्लिफायर असेल तर त्याची कार्यक्षमता साधारण ८५ टक्के धरा. २०० ला ०.८५ ने भागलं की २३५ वॅट, आणि त्याला १३.८ व्होल्टने भागलं की १७ अँपिअर. हा पूर्ण जोराचा आकडा. गाण्यात चढउतार असल्याने सरासरी याच्या पाव ते एक तृतीयांश, म्हणजे चार ते सहा अँपिअर. हाच हिशेब जुन्या क्लास-एबी ॲम्प्लिफायरचा केला तर कार्यक्षमता ५०-६० टक्क्यांवर येते. पूर्ण जोराला २६ अँपिअरच्या आसपास लागतात आणि उरलेली सगळी वीज उष्णता होऊन फेअरिंगमध्ये, म्हणजे गाडीच्या पुढच्या आवरणात, कोंडते. बाईकवर क्लास-डीच लावा. यात मला दुसरं मत नाही.

स्पीकर निवडताना

मोठ्या वॅटच्या मागे लागण्याआधी स्पीकरची सेन्सिटिव्हिटी बघा. एक वॅट दिल्यावर एक मीटरवर किती डेसिबल आवाज येतो, तो हा आकडा. ८९ डेसिबलच्या स्पीकरऐवजी ९२ डेसिबलचा घेतला, तर ॲम्प्लिफायरची ताकद दुप्पट केल्याइतका फायदा वायरला हात न लावता मिळतो. कारण तीन डेसिबल म्हणजेच दुप्पट वीज. उलट, आवाज कानाला दुप्पट वाटायला साधारण दहा डेसिबल, म्हणजे दहापट वीज लागते. एवढी वीज बाईककडे नसते.

दुसरा आकडा ओहमचा, आणि नवीन माणूस हमखास इथेच अडखळतो. काही टूरिंग गाड्यांत कंपनीचे स्पीकर २ ओहमचे असतात. त्यांच्या जागी बाजारातले ४ ओहमचे चांगले स्पीकर बसवले आणि ॲम्प्लिफायर तोच ठेवला, तर स्पीकरपर्यंत पोचणारी वीज जवळजवळ निम्मी होते आणि नवे स्पीकर जुन्यापेक्षा हळू वाजतात. माणूस स्पीकरला दोष देतो. उलटही तितकंच वाईट. फक्त ४ ओहमसाठी बनलेल्या ॲम्प्लिफायरला २ ओहमचे स्पीकर जोडले की तो तापतो आणि बंद पडतो. म्हणून जुना स्पीकर सोडवून त्याच्या दोन टोकांवर मल्टिमीटर ओहमवर लावून बघा. मीटर नेहमी छापील आकड्यापेक्षा थोडं कमी दाखवतो: ४ ओहमचा स्पीकर साधारण ३.२ ते ३.८, तर २ ओहमचा १.६ ते १.९. एकाच चॅनलवर दोन ४ ओहमचे स्पीकर समांतर जोडले तर ॲम्प्लिफायरला २ ओहम दिसतात, हेही लक्षात असू द्या.

पडदा पॉलिप्रॉपिलीनचा आणि कडेचं वर्तुळ रबराचं असावं. कागदी पडदा एका पावसाळ्याचा. जुन्या गाडीत स्पीकर उघडाल तेव्हा कडेच्या फोमवर बोट टेकवून बघा. भुकटी हाताला लागली तर तो स्पीकर कितीही चांगल्या ॲम्प्लिफायरला लावला तरी फाटकाच वाजणार.

वजनाचाही विचार करा. तुमच्या गाडीचं फेअरिंग हँडलबरोबर वळतं की चॅसिसला घट्ट बसलेलं आहे, ते बघा. हँडलबरोबर वळणाऱ्या फेअरिंगमध्ये जड चुंबकाचे स्पीकर आणि वर ॲम्प्लिफायर भरला तर ते वजन हँडलवर येतं आणि वेगात हँडल थरथरण्याची शक्यता वाढते. अशा गाडीत ॲम्प्लिफायर सीटखाली किंवा साइड बॉक्समध्ये ठेवा. जिथे ठेवाल तिथे त्याच्या भोवती हवा खेळली पाहिजे आणि इंजिनाची झळ लागता कामा नये.

गाडी उघडणं

बॅटरी सोडवताना आधी निगेटिव्ह, लावताना निगेटिव्ह शेवटी. कारण साधं आहे: निगेटिव्ह जोडलेलं असताना पॉझिटिव्हचा बोल्ट फिरवताना पाना चॅसिसला टेकला तर थेट शॉर्ट होतो. इंजिन चालू असताना बॅटरीची वायर कधीच काढू नका. व्होल्टेज उसळून गाडीतले इलेक्ट्रॉनिक भाग जळू शकतात.

फेअरिंग उघडताना प्रत्येक टप्प्यावर फोटो काढा. स्क्रू वेगवेगळ्या लांबीचे असतात. एका पुठ्ठ्यावर फेअरिंगचा ढोबळ आकार काढून जिथला स्क्रू तिथेच टोचून ठेवला की परत बसवताना चूक होत नाही. छोट्या जागी लांब स्क्रू गेला तर आतली वायर कापली जाते किंवा स्क्रू धरणारा प्लास्टिकचा भाग फुटतो. सुटलेल्या प्रत्येक कनेक्टरवर कागदी टेपने नाव लिहा.

वायरिंग: खरं काम इथे आहे

ॲम्प्लिफायरची पॉवर वायर थेट बॅटरीवरून घ्या. कंपनीच्या ॲक्सेसरी सॉकेटची किंवा जुन्या रेडिओची वायर त्यासाठी वापरू नका. ती बारीक असते, आणि नव्या गाड्यांत कॅन-बसवर (गाडीच्या इलेक्ट्रॉनिक भागांना जोडणाऱ्या जाळ्यावर) चालणारा कंट्रोलर प्रत्येक लाइनवरचा करंट मोजत असतो. जास्त ओढला की तो लाइन बंद करतो किंवा डॅशवर दोष दाखवतो.

जाडी किती घ्यावी? हिशेब करून बघू. बॅटरीपासून ॲम्प्लिफायर दीड मीटर लांब, म्हणजे जाऊन-येऊन तीन मीटर वायर. तांब्याची २.५ चौरस मिलिमीटरची वायर घेतली तर तिचा रोध ०.०२१ ओहम भरतो आणि १७ अँपिअरला ०.३६ व्होल्ट वायरमध्येच खर्च होतात. ८ चौरस मिलिमीटरची घेतली तर फक्त ०.११. ढोलाचा एक ठोका पडतो तेव्हा ॲम्प्लिफायर एकदम करंट मागतो, आणि बारीक वायर तिथेच हात आखडते. ठोका बोथट ऐकू येतो. ऑडिओच्या वायरवर बहुतेक वेळा गेज लिहिलेलं असतं. गेजचा आकडा जितका लहान तितकी वायर जाड. ८ गेज म्हणजे जवळपास ८ चौरस मिलिमीटर, आणि आपल्या या उदाहरणाला ती पुरेशी आहे.

वायर घेताना टोक सोलून एक बारीक तार ब्लेडने खरवडा. आत तांबूस दिसलं तर तांबं. वरून तांबूस आणि आत चंदेरी दिसलं तर तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम, ते परत करा. त्याचा रोध तांब्याच्या साधारण दीडपट असतो आणि ओल लागली की ते लवकर गंजतं. वरून चंदेरी आणि आत तांबूस असेल तर ती कल्हई केलेली तांब्याची वायर. पावसात चालणाऱ्या गाडीला हीच सगळ्यात उत्तम.

फ्यूज बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून जास्तीत जास्त ४५ सेंटिमीटरच्या आत हवा, आणि जमेल तितका जवळ. फ्यूज ॲम्प्लिफायरला वाचवण्यासाठी आहे असं अनेकांना वाटतं. तो वायरला वाचवतो. वायर कुठे घासून चॅसिसला टेकली तर बॅटरी तिच्यातून शेकडो अँपिअर सोडू शकते, आणि बॅटरी आणि फ्यूजच्या मधल्या तुकड्याला तेव्हा कसलंच संरक्षण नसतं. आपल्या २०० वॅटच्या उदाहरणाला २५ अँपिअरचा फ्यूज पुरतो. उडतोय म्हणून मोठा फ्यूज घालणं म्हणजे आग ओढवून घेणं आहे. तो का उडतो ते आधी शोधा.

याचं महत्त्व मला माझ्याच गाडीवर कळलं. पहिल्यांदा काम केलं तेव्हा पॉवर वायर हँडलच्या मानेपाशी केबल टायने घट्ट आवळली होती, दिसायला फार नीटनेटकी. दोन महिन्यांनी भर पावसात एका डावीकडच्या वळणावर गाणं तुटलं, पुन्हा लागलं आणि नंतर कायमचं बंद पडलं. टाकी उचलून बघितलं तर टायच्या कडेने इन्सुलेशन कापत नेलं होतं. एवढ्याशा उघड्या जागेतून हिरवं पडलेलं तांबं दिसत होतं आणि समोरच्या चॅसिसवर रंग जळून वाटाण्याएवढा काळा डाग पडला होता. बॅटरीजवळचा फ्यूज उडाला होता म्हणून त्या टाकीखाली फक्त डागावर भागलं.

तेव्हापासून मानेपाशी वायरला सैल वळसा ठेवल्याशिवाय मी पुढे जात नाही. हँडल डावीकडे टोकापर्यंत, उजवीकडे टोकापर्यंत फिरवा. वायर कुठेही ताणता कामा नये, चिमटीत सापडता कामा नये. संपूर्ण लांबीवर खाचांची लवचीक नळी किंवा जाळीदार स्लीव्ह चढवा. पत्र्याच्या भोकातून वायर नेताना रबरी ग्रोमेट हवंच. टाय सैल बांधा आणि त्याची कापलेली शेपटी बोचणार नाही अशी फिरवा. एक्झॉस्टपासून लांब राहा. शेवटी इंजिन चालू ठेवून हँडल दोन्हीकडे पूर्ण फिरवा. आरपीएम वाढले तर वायर ॲक्सिलरेटरच्या केबलला ओढते आहे. अशी गाडी रस्त्यावर नेऊ नका.

अर्थिंगचं म्हणाल तर ॲम्प्लिफायरचं निगेटिव्ह पॉझिटिव्हइतक्याच जाड वायरने थेट बॅटरीच्या निगेटिव्हवर न्या. मोटारीत बॉडीला अर्थ देतात म्हणून बाईकवरही चॅसिसला देणारे पुष्कळ आहेत. बाईकच्या चॅसिसवर पावडर-कोटचा जाड थर असतो, आणि हँडलकडच्या भागाला दिलेला अर्थ कोनसेटच्या (हँडल ज्यावर फिरतं त्या बेअरिंगच्या) ग्रीसभरल्या गोळ्यांतून परत येतो. तो मार्ग भरवशाचा नाही. शिट्टी आणि खरखर बहुतेक वेळा तिथूनच येते. चॅसिसला द्यावाच लागला तर पॉलिश पेपरने रंग घासून धातू चकचकीत करा, दातेरी वायसर घाला आणि घट्ट केल्यावर वरून ग्रीस लावा.

जोड कसे द्यावेत? थिंबल (वायरच्या टोकाचं धातूचं टोपण) योग्य पकडीने दाबून, वर गोंद असलेली हीट-श्रिंक नळी. नुसत्या सोल्डरवर विसंबू नका. सोल्डर वायरच्या तारांमध्ये वर चढतं, तिथे वायर ताठ होते आणि कंपनाने नेमकी त्या रेषेवर तुटते. दाबलेला प्रत्येक जोड हाताने जोरात ओढून बघा, सुटायचा असेल तर आत्ताच सुटू दे. चालू वायरला न कापता बाजूने दाबून बसणारे प्लास्टिकचे निळे-लाल क्लिप मात्र बाईकवर अजिबात नको. त्यांचं पातं तारा कापतं आणि त्याच भोकातून पाणी आत शिरतं. पीळ मारून काळी टेप गुंडाळलेला जोड तर उन्हाने टेपचा डिंक वितळला की उघडाच.

चालू-बंद करण्यासाठी ॲम्प्लिफायरला रिमोट वायर असते, बहुतेक वेळा निळी किंवा निळ्यावर पांढरी रेघ असलेली. तिला चावी लावल्यावर १२ व्होल्ट मिळाले की तो जागा होतो. हेडयुनिटमधून, म्हणजे गाडीच्या मुख्य रेडिओमधून, अशी वायर निघत नसेल तर चावीवर चालणारी कुठलीही हलकी लाइन चालते, कारण ती अगदी थोडा करंट घेते. यूएसबी चार्जर, जास्तीचा रेडिओ असं आणखी सामान जोडायचं असेल तर एक रिले (थोड्या करंटने मोठी लाइन चालू करणारा स्विच) टाका: ३० नंबरच्या पिनला फ्यूजमधून बॅटरी, ८७ वरून सामानाकडे, आणि ८५-८६ पैकी एकाला चावीची लाइन, दुसऱ्याला अर्थ.

सिग्नल

हेडयुनिटला आरसीए आउटपुट (ॲम्प्लिफायरकडे कमी पातळीचा सिग्नल नेणारं सॉकेट) असेल तर काम सोपं. ती केबल पॉवर वायरपासून आणि इग्निशन कॉइलपासून दूर, शक्य तर टाकीच्या दुसऱ्या बाजूने न्या. दोघींना एकमेकींना ओलांडावं लागलं तर काटकोनात ओलांडू द्या. आरसीए नसेल तर स्पीकरच्या वायरीवरून सिग्नल घेणारा, म्हणजे हाय-लेव्हल इनपुट असलेला ॲम्प्लिफायर घ्या. इथे एक धोका आहे. आजच्या बहुतेक हेडयुनिटमध्ये स्पीकरची दोन्ही टोकं 'जिवंत' असतात. निगेटिव्ह समजून एक टोक चॅसिसला जोडलं तर आउटपुट जळतो.

सगळं जोडल्यावर शिट्टी ऐकू आली आणि तिचा सूर आरपीएमबरोबर चढत-उतरत असेल, तर ती चार्जिंगची आहे आणि बहुधा अर्थ दोन ठिकाणी दिला गेला आहे. ॲम्प्लिफायरचे आरसीए काढून बघा. शिट्टी थांबली तर दोष हेडयुनिटकडे किंवा त्या केबलमध्ये, नाही थांबली तर पॉवर किंवा अर्थमध्ये. सगळे अर्थ बॅटरीच्या निगेटिव्हवर एकत्र आणल्यावर बहुतेक शिट्ट्या जातात. आवाजाचा फिल्टर विकत घेण्याची घाई करू नका.

पोलॅरिटी, गेन, फिल्टर

स्पीकर बसवण्यापूर्वी दीड व्होल्टचा साधा सेल त्याच्या टोकांना क्षणभर टेकवा. सेलचं पॉझिटिव्ह स्पीकरच्या पॉझिटिव्हला असेल तर पडदा बाहेर येतो. सगळ्या स्पीकरची हीच परीक्षा घ्या आणि खूण करा. एक जरी उलटा लागला तरी दोन पडदे एकमेकांच्या विरुद्ध ढकलतात आणि बेस नाहीसा होतो.

गेन म्हणजे व्हॉल्यूमचं दुसरं बटण नाही. हेडयुनिटच्या सिग्नलशी ॲम्प्लिफायर जुळवून घेण्याची ती पायरी आहे. स्पीकर सुटे करा. बेस-ट्रेबल शून्यावर, बेस बूस्ट बंद, आणि वेगानुसार आपोआप वाढणारा व्हॉल्यूम गाडीत असेल तर तोही बंद. हेडयुनिट पाऊण व्हॉल्यूमवर ठेवून ४०० हर्ट्झचा एकसुरी टेस्ट टोन शून्य डेसिबल, म्हणजे रेकॉर्डिंगच्या कमाल, पातळीवर वाजवा. साधे मल्टिमीटर त्याच्यावरच्या फ्रिक्वेन्सीला चुकतात. ॲम्प्लिफायरच्या आउटपुटला मीटर एसी व्होल्टवर लावून गेन हळूहळू वाढवा. किती व्होल्टला थांबायचं? वॅट आणि ओहमचा गुणाकार करून वर्गमूळ काढा. १०० वॅट, ४ ओहम: ४०० चं वर्गमूळ, २० व्होल्ट. तिथे थांबा.

मग खालच्या फ्रिक्वेन्सी अडवणारा हाय-पास फिल्टर १०० हर्ट्झच्या आसपास लावा. वाऱ्याचा गोंगाट मुख्यतः खालच्या फ्रिक्वेन्सीचा असतो. त्यात खोल बेस तसाही बुडतो, आणि तो वाजवण्याच्या धडपडीत छोटा पडदा फाटतो. तो भार काढून घेतला की शब्द एकदम पुढे येतात. बूस्ट द्यायचाच असेल तर २ ते ४ किलोहर्ट्झला थोडासा द्या. गायकाचे व्यंजन तिथे असतात.

आणि कानांचं. ८५ डेसिबल आठ तास, हा सुरक्षित मर्यादेचा बऱ्याच ठिकाणी वापरला जाणारा मापदंड. प्रत्येक तीन डेसिबलला ती वेळ निम्मी होते, म्हणजे १०० डेसिबलला जेमतेम १५ मिनिटं. हायवेच्या वेगाला हेल्मेटच्या आत नुसता वाराच शंभरच्या आसपास पोचतो. मी इअरप्लग घालून चालवतो. वाऱ्याची घरघर कमी होते आणि त्याच व्हॉल्यूमला गाणं जास्त स्वच्छ लागतं. स्पीकर अपग्रेड करणाऱ्या प्रत्येकाने हे एकदा करून बघावं असं मला मनापासून वाटतं.

रस्त्यावर नेण्याआधी

फेअरिंग बंद करण्यापूर्वी एक मोजमाप राहतं. चावी बंद करून बॅटरीच्या निगेटिव्ह वायरमध्ये मल्टिमीटर मिलिअँपिअरवर लावा. मीटर असा लावलेला असताना चावी किंवा स्टार्टर फिरवू नका, मीटरचा फ्यूज जाईल. घड्याळ आणि अलार्मसाठी थोडे मिलिअँपिअर जाणारच, पण ५० दिसले तर दिवसाला १.२ अँपिअर-अवर गळतात आणि १८ अँपिअर-अवरची बॅटरी आठवड्याभरात निम्मी होते. बहुधा रिमोट वायर चावीऐवजी कायम चालू लाइनवर लागलेली असते.

पहिली फेरी छोटी आणि खडबडीत रस्त्याची करा. दोन-तीनशे किलोमीटर झाल्यावर सीट काढा आणि भरपूर व्हॉल्यूमवर चालवून आल्याआल्या फ्यूज होल्डरला आणि बॅटरीवरच्या थिंबलांना हात लावा. बाकी वायर गार आणि एखादाच जोड कोमट लागला तर तो सैल आहे. बॅटरी सोडवा, तो जोड कापून टाका आणि नवा द्या.